निपाणीचा निपाणकर वाडा आणि तंबाखूच्या वखारी

पुणे-बंगळूर महामार्गाने कोल्हापूर, कागल ओलांडून कर्नाटकात शिरले की पहिले मोठे गाव लागते ते निपाणी. बाहेरच्या माणसाला निपाणी म्हटले की तंबाखू आठवते. जुन्या माणसाला निपाणकर सरकारांचा वाडा आठवतो. या दोन गोष्टी आपण एरवी वेगवेगळ्या सांगतो. वाड्याचा इतिहास म्हणजे लढाया, जहागीर, किताब. तंबाखूचा इतिहास म्हणजे बाजारभाव, वखारी, आंदोलन. या लेखात दोन्ही एकत्र मांडण्याचा प्रयत्न केला आहे. कारण माझ्या समजुतीप्रमाणे दोन्हीकडचा प्रश्न एकच आहे : मोठे घर उभे राहते ते कोणाच्या कष्टावर, आणि त्या कष्टकऱ्यांची नोंद कोठे राहते?

मी इतिहासाचा अभ्यासक नाही. बी.कॉम. होऊन बँकेत लागलो आणि अधिकारी म्हणून निवृत्त झालो. नोकरीची काही वर्षे निपाणीत गेली. त्यामुळे हिशेबाच्या अंगाने पाहण्याची सवय आहे, ती या लेखातही दिसेल.

देसाई म्हणजे कोण?

नव्या पिढीला देसाई हे फक्त आडनाव वाटते. मुळात तो हुद्दा आहे. महाराष्ट्रात ज्याला देशमुख म्हणत, त्यालाच कर्नाटकात आणि सीमाभागात देसाई म्हणत. परगण्यातल्या गावांचा सारा गोळा करून सरकारात भरणे, जमिनीची मोजदाद ठेवणे, शांतता राखणे ही देसायाची कामे. त्याबद्दल त्याला वंशपरंपरेने इनाम जमिनी आणि वसुलातला ठरावीक हक्क मिळे. यालाच वतन म्हणतात. गावपातळीवर पाटील-कुलकर्णी आणि परगण्याच्या पातळीवर देसाई-देशपांडे अशी ही रचना होती.

वतन आणि जहागीर यांत फरक आहे. वतन हे जागेवरच्या कामाबद्दल, तर जहागीर किंवा सरंजाम हा फौज बाळगून चाकरी करण्याबद्दल. निपाणकर घराण्याकडे दोन्ही आले, म्हणून त्यांचा पसारा साध्या देसायापेक्षा मोठा झाला.

सिधोजीराव निंबाळकर

निपाणीचे नाव मोठे केले ते सिधोजीराव नाईक निंबाळकर यांनी. त्यांना अप्पा देसाई निपाणकर या नावाने ओळखत. दुसऱ्या बाजीराव पेशव्यांच्या काळातले ते वजनदार सरदार होते. सरलष्कर हा किताब त्यांच्या नावाला जोडलेला आहे.

तो काळ या भागासाठी फार धामधुमीचा होता. पुण्याचे पेशवे, कोल्हापूरचे छत्रपती, मिरज-सांगली-तासगावचे पटवर्धन आणि निपाणकर यांच्यात चिकोडी आणि मनोळी या दोन तालुक्यांवरून सतत ओढाताण चाले. १७९९ मध्ये परशुरामभाऊ पटवर्धन कोल्हापूरकरांशी लढताना पडले, ते पट्टणकुडी येथे. हे गाव निपाणी आणि चिकोडीच्या दरम्यान आहे. आज एस.टी.तून जाताना ज्या शेतांकडे आपण पाहतही नाही, तिथे एवढी मोठी घटना घडून गेली.

१८०२ च्या अखेरीस बाजीरावांनी इंग्रजांशी वसईचा तह केला. १८०३ मध्ये जनरल वेलस्ली म्हैसूरकडून फौज घेऊन पुण्याला निघाला. हाच पुढे वेलिंग्टन म्हणून जगप्रसिद्ध झाला. त्याच्याबरोबर गेलेल्या दक्षिणेतल्या मराठा सरदारांत बापू गोखले आणि अप्पा देसाई होते. वेलस्लीच्या छापलेल्या पत्रव्यवहारात अप्पा देसाई हे नाव वारंवार येते. पुढे पेशव्यांचा पाठिंबा आणि स्वतःची फौज यांच्या बळावर त्यांनी कोल्हापूरकरांवर सावगावच्या लढाईत मात केली आणि चिकोडी-मनोळीचा ताबा मिळवला.

१८१७-१८ च्या शेवटच्या इंग्रज-मराठा युद्धाने हे चित्र उलटले. कोल्हापूरकरांनी इंग्रजांना साथ दिली होती. बक्षीस म्हणून इंग्रजांनी चिकोडी आणि मनोळी निपाणकरांकडून काढून कोल्हापूरला दिली. गंमत अशी की कोल्हापूरकडेही ती टिकली नाहीत. १८२७ च्या तहात इंग्रजांनी ती स्वतःकडेच घेतली. दोघे भांडले आणि लोणी तिसऱ्याने खाल्ले.

१८३९ मध्ये सिधोजीराव वारले. त्यांच्यामागे औरस पुत्र नव्हता. इंग्रजांनी जहागीर खालसा केली. डलहौसीने सातारा आणि झाशी खालसा केली ती त्यानंतर दहा-पंधरा वर्षांनी. म्हणजे आपल्याकडे हा अनुभव आधीच येऊन गेला होता. १८४१ मध्ये निपाणीच्या भुईकोटात उठाव झाला, तोही फौज पाठवून मोडून काढण्यात आला. संस्थान गेले, पण सरकार वाडा हे नाव लोकांच्या तोंडी राहिले.

वाडा चालायचा कसा?

वाड्याकडे पाहताना आपली नजर दरवाजा, तुळया, कोरीव खांब, दगडी जोते यांच्यावर जाते. पण वाडा ही नुसती राहण्याची जागा नव्हती. बँकेच्या भाषेत सांगायचे तर ते त्या मुलखाचे मुख्य कार्यालय, तिजोरी आणि गोदाम एकाच आवारात होते. सरदाराच्या कोणत्याही वाड्यात कचेरी असे, तिथे कारकून मोडीत दप्तर लिहीत. साऱ्याचे धान्य साठवायला अंबारखाना असे. घोड्यांसाठी पागा, आतल्या बाजूला देवघर, मुदपाकखाना आणि जनानखाना असे.

हा सगळा पसारा गावांच्या उत्पन्नावर चाले. जमीन कसणारी कुळे पिकाचा वाटा देत. सुतार, लोहार, कुंभार, चांभार, न्हावी, परीट असे बलुतेदार आपापले काम करत आणि सुगीला बलुते घेत. महार समाजाकडे निरोप पोचवणे, सारा पोचवणे, हद्दी दाखवणे, लाकूडफाटा आणणे अशी असंख्य कामे असत. त्याच्या मोबदल्यात तुटपुंजी वतनी जमीन मिळे आणि त्या जमिनीपायी अख्खे कुटुंब राबवून घेतले जाई. त्याशिवाय वेठ होतीच. बोलावणे आले की घरचे काम टाकून जायचे आणि मजुरी मागायची नाही.

या व्यवस्थेविरुद्धचा आवाज निपाणीतही उठला, याची आठवण ठेवली पाहिजे. एप्रिल १९२५ मध्ये मुंबई इलाखा प्रांतिक बहिष्कृत परिषद निपाणीत भरली आणि तिचे अध्यक्ष होते डॉ. बाबासाहेब आंबेडकर. महाडचा सत्याग्रह त्यानंतर दोन वर्षांनी, १९२७ मध्ये झाला. १९२८ मध्ये बाबासाहेबांनी मुंबई विधिमंडळात महार वतनासंबंधी विधेयक मांडले.

कायद्याने वाड्याचा आर्थिक पाया सुटत गेला तो स्वातंत्र्यानंतर. मुंबई राज्यात १९५० च्या कायद्याने परगणा आणि कुलकर्णी वतने रद्द झाली. १ नोव्हेंबर १९५६ रोजी बेळगाव, चिकोडी, निपाणी हा भाग म्हैसूर राज्यात गेला. पुढे कर्नाटकच्या जमीन सुधारणा कायद्यातल्या दुरुस्तीने १ मार्च १९७४ पासून कुळांच्या ताब्यातल्या जमिनी सरकारकडे निहित झाल्या आणि अर्ज करणाऱ्या कुळांना मालकी मिळण्याचा मार्ग खुला झाला. घराघरातल्या जुन्या उताऱ्यांवर ही तारीख आजही आढळते.

वाड्याकडून वखारीकडे

तंबाखू हे पीक आपले नव्हे. अमेरिकेतून ते पोर्तुगीजांनी हिंदुस्थानात आणले. पण निपाणीच्या आसपासची काळी जमीन, माफक पाऊस आणि पिकाच्या वाढीच्या काळातली कोरडी थंडी विडीच्या तंबाखूला मानवली. इथली तंबाखू उन्हात वाळवतात. रोपे पावसाळ्यात लावायची, शेंडे खुडायचे, बगलफूट काढत राहायचे आणि थंडीच्या अखेरीस कापणी करून शेतातच वाळवायची. खुडण्याचे काम मुख्यतः बायकांचे. दिवसभरात हाताला काळा चिकट चीक बसतो, तो साबणाने निघत नाही.

वाळलेला माल व्यापाऱ्याच्या वखारीत येतो. तिथे तो कुटायचा, चाळायचा, पानाची जाड शीर आणि कांडी वेगळी काढायची, भुकटी बाजूला करायची, प्रतवारी लावायची आणि पोत्यांत भरायचा. रचून ठेवलेल्या तंबाखूच्या थप्पीला चाकी म्हणतात. चाकीला आतून ऊब येते, म्हणून ती वेळच्या वेळी फोडून पुन्हा रचावी लागते. ऊब जास्त झाली तर माल जळतो, कमी झाली तर कस येत नाही. हे ओळखणारी माणसे हात घालून सांगत.

विसाव्या शतकात निपाणीची श्रीमंती वाड्यातून वखारीत आली. नवी मोठी घरे व्यापाऱ्यांची झाली. १९४३ पासून तंबाखूवर केंद्रीय अबकारी कर लागला. त्यामुळे वखारीला परवाना, नोंदवही आणि तपासणी आली. १९७९ मध्ये कच्च्या तंबाखूवरचा हा कर उठला.

मी निपाणीच्या शाखेत होतो तेव्हा मालतारण कर्ज हा तिथला मोठा व्यवहार होता. वखारीला बँकेचे कुलूप, किल्ली आमच्याकडे. महिन्यातून एकदा तपासणीला जायचे, पोती मोजायची, बाजारभावाने किंमत लावायची, त्यातून ठरावीक टक्के वजा करून उचल मर्यादा काढायची. रजिस्टरमध्ये मालाची प्रत, वजन, पोत्यांची संख्या, विम्याची मुदत असे रकाने होते. वखारीत पाऊल ठेवताच शिंका सुरू होत. मी नाकाला रुमाल लावून दहा मिनिटांत बाहेर येत असे. आत बसलेल्या बायका दिवसभर तिथेच असत. रजिस्टरमध्ये त्यांच्यासाठी रकाना नव्हता.

हे मला जास्त लागायचे, कारण माझी आजी अशाच एका वखारीत चाळणीवर होती. रात्री तिचा खोकला थांबत नसे. तिच्या मजुरीतून माझ्या वडिलांची शाळा झाली आणि त्यांच्या नोकरीतून माझे कॉलेज. तारण म्हणून मी मोजलेल्या पोत्यांत तिच्यासारख्यांचेच काम होते. तिचे नाव मात्र कोणत्याही हजेरीपुस्तकात मला कधी सापडले नाही. ती ज्या वखारीत जाई ती पाडून आता तिथे दुकाने झाली आहेत.

बायकांची संघटना आणि १९८१ चे आंदोलन

निपाणीच्या वखारीतल्या बायका कायम गप्प राहिल्या असे नाही. १९८० च्या आसपास प्रा. सुभाष जोशी, प्रा. अच्युत माने यांच्यासारख्या कार्यकर्त्यांबरोबर त्या चिकोडी तालुका कामगार महासंघात एकत्र आल्या. मजुरी, कामाचे तास, हक्काची सुट्टी, मालकाकडून होणारी अरेरावी असे प्रश्न होते. बेंगळुरूच्या युगांतर या स्त्रियांच्या चित्रपट गटाने त्यांच्यावर ‘तंबाखू चाकीला ऊब आली’ हा माहितीपट १९८२ मध्ये केला. दीपा धनराज त्या गटात होत्या. माहितीपटाचे नाव वर सांगितलेल्या चाकीवरून आले आहे. छाया दातार यांनी या कामगार स्त्रियांच्या लढ्याचा अभ्यास करून इंग्रजीत पुस्तक लिहिले, ते १९८९ मध्ये प्रसिद्ध झाले. ज्यांना आपल्या गावच्या बायकांचे चेहरे आणि आवाज त्या काळातले पाहायचे-ऐकायचे आहेत, त्यांनी हा माहितीपट अवश्य पाहावा.

तंबाखू पिकवणाऱ्या शेतकऱ्याची तक्रार वेगळी होती. माल नेला की भाव व्यापारी ठरवणार, पैसे कधी मिळतील याचा भरवसा नाही, वजनात आणि प्रतवारीत कपात. मार्च १९८१ मध्ये शरद जोशी यांच्या नेतृत्वाखाली शेतकरी महामार्गावर येऊन बसले. बायकापोरांसह, बैलगाड्यांसह तीन आठवड्यांहून अधिक काळ रस्ता रोखला गेला. आसपासच्या गावांतून भाकऱ्या येत होत्या. ६ एप्रिल १९८१ रोजी पोलिसांनी आंदोलन मोडून काढले. गोळीबार झाला, त्यात शेतकरी मृत्युमुखी पडले. निपाणीच्या इतिहासात सावगावच्या लढाईइतकेच हे महत्त्वाचे आहे असे मला वाटते.

अमेरिकेतली तंबाखूची घरे

ज्या खंडातून तंबाखू आली, तिथल्या मोठ्या घरांचे काय झाले हे पाहणे उद्बोधक आहे. अमेरिकेच्या दक्षिणेकडील राज्यांत शेकडो एकर मळ्याच्या मधोमध मालकाचे पांढऱ्या खांबांचे मोठे घर असे. त्याला प्लँटेशन हाऊस म्हणतात. व्हर्जिनिया प्रांतात असे मळे मुख्यतः तंबाखूचे होते आणि काम करत ते आफ्रिकेतून आणलेले गुलाम आणि त्यांची मुले-नातवंडे.

पहिले अध्यक्ष जॉर्ज वॉशिंग्टन यांच्या माउंट व्हर्नन या मळ्यावर १७९९ मध्ये ३१७ गुलाम होते. स्वातंत्र्याचा जाहीरनामा लिहिणारे थॉमस जेफरसन यांनी आयुष्यभरात सहाशेहून अधिक माणसे गुलाम म्हणून बाळगली. त्यांचे माँटिसेलो हे घर आज जागतिक वारसा यादीत आहे. जेफरसन १८२६ मध्ये कर्जबाजारी अवस्थेत वारले आणि कर्ज फेडण्यासाठी पुढच्याच वर्षी तिथल्या १३० माणसांचा लिलाव झाला. बँकेत असताना जप्ती आणि लिलाव मी पाहिले आहेत. पण तारण म्हणून माणूस, ही कल्पनाही अंगावर काटा आणते.

आपल्याकडचे कूळ, वतनी महार किंवा वखारीतली बाई आणि तिथला गुलाम हे एकच, असे मला म्हणायचे नाही. विकत घेतलेला माणूस आणि गरिबीने किंवा जातीने बांधलेला माणूस यांत फरक आहे. तो पुसला तर दोघांवरही अन्याय होईल. घेण्यासारखी गोष्ट वेगळीच आहे. बरीच वर्षे तिकडेही या घरांचे मार्गदर्शक पर्यटकांना फक्त झुंबरे, फर्निचर आणि मालकाची वंशावळ दाखवत. आता माँटिसेलोमध्ये राबणाऱ्यांच्या राहण्याच्या खोल्या, त्यांची नावे, त्यांच्या वंशजांच्या मुलाखती हेही सांगितले जाते. लुइझियाना राज्यातला व्हिटनी मळा २०१४ मध्ये लोकांसाठी खुला झाला. तिथे सगळी मांडणीच गुलामांच्या बाजूने आहे आणि त्यांची नावे दगडी भिंतींवर कोरली आहेत.

ती नावे मिळाली कोठून? बरीचशी मालकांच्या हिशेबवह्यांतून, मालमत्तेच्या याद्यांतून आणि लिलावाच्या कागदांतून. लिहिणाऱ्याने ती किंमत लावण्यासाठी लिहिली होती. दोनशे वर्षांनी तीच पुरावा म्हणून उपयोगी पडली.

आपल्याला काय करता येईल?

निपाणकर वाड्यासारख्या वास्तू जपल्या पाहिजेत, याबद्दल दुमत असू नये. सीमाभागातला आपला इतिहास किती जुना आहे याची ती साक्ष आहे. पण वास्तूबरोबर तिच्याभोवतीची माणसेही जपली पाहिजेत. काही साध्या गोष्टी सुचवतो.

पहिली गोष्ट कागदांची. अनेक घरांत मोडी कागदांचे रुमाल माळ्यावर पडून आहेत. ते रद्दीत घालू नका. मोडी वाचणारे लोक बेळगाव, कोल्हापूर भागात अजून आहेत. कुळांची नावे, बलुत्याच्या याद्या, वेठीची नोंद याच कागदांत असते.

दुसरी गोष्ट वखारीच्या वह्यांची. जुन्या व्यापारी पेढ्यांतली हजेरीपुस्तके, पगारपत्रके, विडी कामगारांची कार्डे ही आता निरुपयोगी म्हणून फेकली जात आहेत. मालकांची हरकत नसेल तर त्यांचे फोटो काढून ठेवावेत.

तिसरी गोष्ट सर्वात घाईची. वखारीत काम केलेल्या, १९८१ मध्ये रस्त्यावर बसलेल्या बायका आज सत्तरी-ऐंशीत आहेत. घरातल्या नातवाने मोबाईल समोर ठेवून अर्धा तास विचारावे : आजी, किती वाजता जायचीस? मजुरी किती होती? शेजारी कोण बसायचे? शेजारी बसणाऱ्यांची नावे आवर्जून विचारा. आजीचे नाव घरच्यांना माहीत असते, शेजारणीचे नाव फक्त आजीलाच माहीत असते.

मी माझ्या आजीला हे विचारले नाही. तिचे नाव भागीरथी. चाळणीवर तिच्या शेजारी कोण बसत असे, हे आता कोणी सांगू शकत नाही.